युद्धाच्या काळात फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला की आधी एवढं करा

७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, १० तारखेला संध्याकाळी थांबलं, आणि त्या चार दिवसांत आमच्या ग्रुपवर नुसता पाऊस पडत होता व्हिडिओंचा. माझा मावसभाऊ तेव्हा पठाणकोटकडे ड्युटीवर, मावशी रात्री अडीचला पण फोन उघडून एकेक क्लिप बघत बसायची. त्यातच कुणीतरी '२० राज बटालियन'ची चौकी उडवल्याचा व्हिडिओ टाकला. नंतर पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती देणाऱ्या कार्यालयाने, सांगितलं की या नावाची युनिटच आपल्या सैन्यात नाहीये, पण तोवर मावशीची रात्र गेली होती. तेव्हापासून मी काय करते ते सांगते.

व्हिडिओ आला की पॉज करा, दोन-तीन वेगवेगळ्या जागी स्क्रीनशॉट घ्या. धूर आणि आग सगळीकडे सारखीच दिसते म्हणून दुकानाची पाटी, इमारत, गाडीची नंबरप्लेट असं काहीतरी दिसेल ती फ्रेम धरा आणि गूगल लेन्सला टाका, तेच चित्र नेटवर आधी कुठे आलंय ते ते शोधून देतं. जुनी तारीख सापडली की विषय संपला. बैरूत बंदरातला ऑगस्ट २०२० चा स्फोट पाकिस्तानने केलेला क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरला, आणि आपल्याकडून कराची बंदर पेटलं म्हणून जे फिरत होतं त्यात अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विमान अपघाताचा व्हिडिओ होता, जानेवारी २०२५ चा. म्हणजे आपल्याला आवडणारी बातमी असली तर जास्तच तपासा, कारण तिथेच बोट पटकन फॉरवर्डवर जातं.

लेन्सवर काहीच नाही आलं तर गेम असू शकतो. आर्मा ३ नावाच्या गेमचे व्हिडिओ युक्रेन युद्धाच्याही आधीपासून खरे म्हणून फिरतायत, इतके की गेम बनवणाऱ्या कंपनीनेच २०२२ मधे ते कसे ओळखायचे ते लिहिलं: क्वालिटी मुद्दाम खराब केलेली, कॅमेरा हलता, बहुतेक वेळा रात्रीचा सीन, आवाज नाही, आणि माणसं हलताना दिसत नाहीत. खऱ्या व्हिडिओत शूट करणारा बहुतेक वेळा काहीतरी बोलतो हो, ओरडतो, कुणाला तरी हाक मारतो.

भाषणाचा व्हिडिओ असेल तर मूळ शोधा. पाकिस्तानी सैन्याचे प्रवक्ते स्वतःची दोन विमानं पडल्याचं कबूल करतायत तो व्हिडिओ डीपफेक होता, जुन्या पत्रकार परिषदेवर नवा आवाज चढवलेला, आणि आपल्याकडच्या काही मीडियानेही तो उचलला होता. त्यामुळे 'टीव्हीवर दाखवलं' हा पुरावा धरू नका. व्हॉट्सॲपवर डबल बाण दिसला तर तो मेसेज खूप हातांतून आलाय, पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं कुठून.

आता सगळ्यात अवघड काम, काकांना सांगणं. ग्रुपवर सगळ्यांसमोर 'फेक आहे' लिहिलं की ते दुखावतात आणि हट्टाने अजून दोन टाकतात. मी पर्सनलवर लिहिते, "काका, तो मगाचचा व्हिडिओ २०२० चा निघाला, ही बघा लिंक, ग्रुपवरून तुम्हीच काढता का?" बहुतेक वेळा काढतात. एकदा तर काकांनी स्वतःच खाली लिहिलं, माझ्याकडून चुकून गेला म्हणून.

आणि खरा व्हिडिओ असला तरी काही गोष्टी टाकायच्याच नाहीत. रणगाडे घेऊन चाललेली ट्रेन, सैन्याच्या गाड्यांचा ताफा, ड्रोन कुठे पडलं ती जागा. २६/११ ला टीव्हीवरचं लाइव्ह बघून पलीकडे बसलेले लोक ताजमधल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, ९ मे ला केंद्राने लाइव्ह कव्हरेज नको म्हणून सूचना काढली ती त्याचसाठी. घरातलं कुणी सैन्यात असेल तर त्याचं पोस्टिंग, युनिट, 'आज निघाला' हेही ग्रुपवर लिहू नका. मावशी आता फक्त "बोलणं झालं, बरा आहे" एवढंच टाकते.