रॅकच्या आराखड्यातला अर्धा यू

रॅक लेआउट, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या उभ्या चौकटीत कोणतं उपकरण कुठे बसेल याचा आराखडा, काढायला नव्यानेच बसला असाल, तर आधी हे सांगते: सर्व्हर ओळीत दिसतायत म्हणजे ते योग्य जागी आहेत, असं धरून चालू नका. मी तसं धरलं होतं. त्याचा मनस्ताप अजून गेलेला नाही.

व्हिजिओ या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ४२ यूच्या रॅकचा आराखडा करत होते. यू हे रॅकमधली उंची मोजायचं एकक, १ यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर, हे पाठ होतं. तरी ग्रिडचं, म्हणजे वस्तू रेषेत बसवायच्या जाळीचं, अंतर ४५ ठेवलं. अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडणार, असं वाटलं. खालून वर एकेक उपकरण लावत गेले, प्रत्येक ग्रिडवर टक्कन बसत होतं. आता हिशोब बघा. दर यूमागे ०.५५ मिलिमीटरची चूक. ४१व्या यूच्या खाली ४० यू असतात, म्हणजे तिथे पोचेपर्यंत चूक झाली २२ मिलिमीटर. जवळपास अर्धा यू! ४१व्या यूमधला नेटवर्क स्विच ४१ आणि ४२च्या मधोमध दिसत होता. बसवणाऱ्याने ४२ वाचलं. त्याचं काय चुकलं? स्विच काढून पुन्हा लावण्यात मेंटेनन्सची अर्धी रात्र गेली.

म्हणून 'रुलर अँड ग्रिड'मध्ये उभं अंतर 'फिक्स्ड' करा आणि ४४.४५च लिहा. 'फाइन' किंवा 'नॉर्मल' ठेवलंत तर झूमबरोबर ग्रिड बदलतं, आणि सकाळी नीट बसलेली वस्तू दुपारी भलत्याच रेषेला ओढली जाते. ग्रिडचा ओरिजिनही (जिथून मोजणी सुरू होते तो बिंदू) पहिल्या यूच्या खालच्या कडेवर आणा. रॅकच्या तळाशी पाया असतो, पहिला यू त्याच्या वर सुरू होतो. हे राहिलं तर अंतर अचूक असूनही सगळं सारख्याच फरकाने चुकतं, आणि ती चूक डोळ्यांना दिसतच नाही.

ऑल्ट आणि एफ९ दाबलं की 'स्नॅप अँड ग्लू' उघडतं. तिथे रुलर सबडिव्हिजन्स, म्हणजे पट्टीवरच्या खुणांना वस्तू ओढली जाणं, बंद करा. रॅकच्या आकृतीला कनेक्शन पॉइंट्स (उपकरण जोडायचे बिंदू) असतील तर तेच चालू ठेवा, ग्रिडचं स्नॅपही काढा. दोघांची ओढाताण नको. स्नॅप म्हणजे नुसतं रेषेत येणं, ग्लू म्हणजे चिकटणं. रॅक थोडा सरकवून बघा: उपकरणं बरोबर आली तर चिकटली आहेत, मागे राहिली तर नाहीत.

त्याच खिडकीतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधली स्नॅपची ताकद, म्हणजे वस्तू किती अंतरावरून ओढली जाईल ते, पिक्सेलमध्ये असते, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पडद्यावर अख्खा रॅक ८४० पिक्सेलचा दिसत असेल तर १ यू म्हणजे फक्त २० पिक्सेल. ताकद १० असली की ओढ अर्ध्या यूपर्यंत पोचते आणि शेजारचा यू वस्तू खेचून घेतो. झूम वाढवूनच बसवा. घाबरू नका, दोन-तीन रॅक झाले की हात आपोआप झूमकडे जातो.

'स्नॅप बंद कर, बाणांनी सरकव' हा सल्ला बरेच अनुभवी लोक देतात. मला तो मुळीच पटत नाही. शिफ्ट धरून बाण दाबला की आकृती एकेक पिक्सेल सरकते, खरं आहे. पण ४२ यू डोळ्यांच्या अंदाजाने जुळवायचे हा नव्या माणसावर अन्याय आहे. शिकवणाऱ्याने स्नॅप कसं लावायचं ते शिकवावं. कुठून तरी मिळालेल्या तयार स्टेन्सिलवरही (उपकरणांच्या आयत्या आकृत्यांच्या संचावरही) लगेच विश्वास ठेवू नका, आधी उंची तपासा. २ यूचा सर्व्हर ८८.९ मिलिमीटर भरायला हवा.

आराखडा देण्यापूर्वी मी अजूनही 'साइझ अँड पोझिशन' उघडते, सर्वांत वरच्या उपकरणाच्या खालच्या कडेची उंची घेते, त्यातून पहिल्या यूच्या खालच्या कडेची उंची वजा करते आणि ४४.४५ने भागते. ४१व्या यूसाठी उत्तर ४० यायला हवं. ४०.५ आलं तर फाइल पाठवत नाही.