प्रकल्पाची संदर्भसूची कशी तयार करावी

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांवर प्रकल्प लिहायला घेतलेल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने संदर्भसूचीचे काम शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवू नये. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (स्थापना १८४०) पुस्तक परत केल्यानंतर तेच वाक्य पुन्हा शोधणे फार जिकिरीचे होते, म्हणून टिपण काढतानाच त्याच्यापुढे पृष्ठक्रमांक लिहावा.

पुस्तकाचा तपशील वेष्टनावरून न घेता आतील शीर्षकपृष्ठ व त्याची मागील बाजू पाहून घ्यावा. लेखकाचे आडनाव, नाव, ग्रंथाचे शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, प्रकाशनस्थळ आणि वर्ष हा क्रम सोयीचा आहे. शिक्षकांनी वेगळा सांगितला असल्यास तो पाळावा, मात्र तो सर्व नोंदींत एकच असावा. जुन्या ग्रंथांबाबत थोडी सावधगिरी हवी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेचा) नाशिकविषयक सोळावा खंड १८८३ मध्ये निघाला. हाती त्याचे पुनर्मुद्रण असेल, तर मूळ वर्षासोबत पुनर्मुद्रणाचे वर्षही नोंदवावे.

लेण्यांतील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्राकृत शिलालेख आपण प्रत्यक्ष पाहिला, पण त्याचा अर्थ एखाद्या ग्रंथातील भाषांतरातून समजून घेतला, तर संदर्भ त्या ग्रंथाचाच द्यावा. नेमकी येथेच बहुतेकांची गफलत होते. भाषांतर स्वतःच्या शब्दांत मांडले, तरी ऋणनिर्देश टळत नाही.

संकेतस्थळासाठी लेखाचे शीर्षक, संस्था, पूर्ण दुवा आणि पाहिल्याची तारीख लिहावी. ‘गूगल’ हा संदर्भ नव्हे. शेवटी सर्व नोंदी आडनावांच्या अकारविल्हे लावाव्यात.