तोंडी विनंती नको, लेखी अर्ज द्या : दिव्यांग मुलाच्या पालकांसाठी

आमच्या मुलाच्या चौथीच्या मराठीच्या वहीत एकाच सत्रात चौदा ठिकाणी लाल शाईने एकच शेरा होता : "लेखन अपूर्ण. पालकांची सही आणावी." आम्ही चौदाही वेळा सही केली. मुलाला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाशी निगडित अध्ययन अक्षमता आहे, हे वर्गशिक्षिकेला शाळा सुटताना फाटकाशी उभे राहून अनेकदा सांगितले होते आणि प्रत्येक वेळी "हो, लक्ष देते मी" हे उत्तर मिळाले होते. ते मनापासूनच दिलेले असावे. परंतु वर्ष संपले, वर्गशिक्षिका बदलल्या, आणि त्या बोलण्याची शाळेच्या दप्तरी एका ओळीचीही नोंद नव्हती. पाचवीत आम्ही त्याच चौदा पानांच्या छायाप्रती अर्जाला जोडल्या आणि पहिल्यांदाच आम्हाला बैठकीला बोलावणे आले.

अर्जाआधी कागदपत्रे जमवावीत. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र मिळते. त्यावर टक्केवारी असते, पण मुलाला वर्गात नेमके काय जमत नाही हे त्यातून कळत नाही. म्हणून समुपदेशक, वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक यांचा सविस्तर अहवालही घ्यावा. शाळेला नेहमी छायाप्रत द्यावी, मूळ प्रत कधीही नाही.

दिव्यांगत्व 40 टक्क्यांपेक्षा कमी असले की "मग सवलत बसत नाही" असे बऱ्याच शाळा सांगतात. मोफत शिक्षणासारख्या काही तरतुदींना ही मर्यादा खरोखरच लागू आहे, पण वाजवी सोयी-सुविधांना, म्हणजे मुलाच्या गरजेनुसार करायच्या बदलांना, नाही. हाताला पेटके येत असल्याने लेखनिक, म्हणजे सांगितलेले उत्तर लिहून देणारी व्यक्ती, मागणाऱ्या एका उमेदवाराच्या, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी हे स्पष्ट केले आहे.

अर्जात कायद्याचा उल्लेख एकदाच, पण अचूक असावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचे कलम 16 केवळ सरकारी नव्हे, तर मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू होते : भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत वापरता येण्याजोगी ठेवणे, मुलाच्या गरजेनुसार सोयी करणे आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे ही शाळेची कर्तव्ये त्यात आहेत. "त्याला विशेष शाळेत घाला, तिथे तो रमेल" असा सल्ला मिळाला, तर कलम 31 दाखवावे. लक्षणीय, म्हणजे 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्यात आहे आणि ही निवड मुलाच्या बाजूची आहे, मुख्याध्यापकांची नाही. काही मुलांसाठी विशेष शाळाच योग्य असते, हेही खरे. मात्र तो निर्णय मुलाची गरज पाहून व्हावा, वर्गाची गैरसोय पाहून नव्हे.

आता मागणीविषयी. "मुलाकडे विशेष लक्ष द्यावे" असे लिहिलेला अर्ज वाया जातो, कारण लक्ष दिले की नाही हे कोणालाच तपासता येत नाही. आमच्या अर्जात चार मागण्या होत्या : फळ्यावरील मजकुराची छापील प्रत द्यावी, घटक चाचणीत प्रत्येक तासामागे 20 मिनिटे जादा मिळावीत, परिसर अभ्यासाची मोठी उत्तरे तोंडी घ्यावीत, आणि भाषेखेरीज अन्य विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. प्रत्येक मागणीपुढे अहवालातील संबंधित परिच्छेदाचा क्रमांक दिला होता. मुलाला कमी ऐकू येत असेल, तर "पहिल्या बाकावर बसवावे" एवढे पुरत नाही. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, हेही लिहावे लागते. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. लिपिकाने पोच नाकारली, तर वाद न घालता स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी.

बैठकीला शक्यतो दोघांनी जावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे. शाळेत विशेष शिक्षक नसल्यास समग्र शिक्षा अभियान या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचे तज्ज्ञ तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतात, त्यांना बोलावण्याची विनंती करता येते. चर्चेतून मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार व्हावा आणि त्यात प्रत्येक सोयीपुढे जबाबदार शिक्षकाचे नाव व पुढील आढाव्याची तारीख असावी. ठरलेले मुद्दे त्याच संध्याकाळी ई-मेलने मुख्याध्यापकांना कळवावेत. शाळेचे इतिवृत्त येईपर्यंत तोच पुरावा असतो.

एक गोष्ट बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते. यू-डायस, म्हणजे शाळा व विद्यार्थ्यांची माहिती नोंदवणारी सरकारी प्रणाली, हिच्या माहितीत मुलाची नोंद दिव्यांग विद्यार्थी म्हणून झाली आहे का, हे शाळेला विचारावे. समग्र शिक्षेतील साहित्य, मदतनीस व प्रवास भत्ता किंवा मुलींचा दरमहा 200 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता यांचे नियोजन याच आकड्यांवर होते.

शाळा दाद देत नसेल, तर आधी गटशिक्षणाधिकारी आणि मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, शहरांत महापालिकेचे शिक्षण खाते, असा क्रम ठेवावा. 6 ते 14 वयोगटातील मुलासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. प्रवेशच नाकारला गेला असेल, तर कारण लेखी मागावे. ही मागणी पुढे आल्यावर बऱ्याचदा "जागा भरल्या" हे उत्तर मागे पडते.

दहावीच्या सवलतींसाठी मंडळाकडे प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, त्यामुळे नववीतच प्रमाणपत्राची वैधता तपासून शाळेला अर्ज द्यावा. लेखनिक खालच्या इयत्तेतील विद्यार्थी असावा लागतो. तो शोधायला वेळ लागतो आणि ऐनवेळी आजारीही पडतो, म्हणून दुसरा तयार ठेवावा. उत्तर सांगून लिहून घेणे हे निराळे कौशल्य आहे. आमचा मुलगा पहिल्या सराव चाचणीत इतक्या भरभर बोलला, की लेखनिकाने दोन ओळींनंतर पेन खाली ठेवले. त्यानंतरच्या प्रत्येक घटक चाचणीत आम्ही लेखनिक मागितला, आणि हळूहळू मुलगा "इथे परिच्छेद बदल", "आकृतीला नाव दे" असे थांबत थांबत सांगू लागला.