शिष्यवृत्तीच्या पेपरआधीची पोटदुखी

लेक पाचवीत. शिष्यवृत्तीचा सराव पेपर असला की सकाळी तिचं पोट दुखायचं, हात गार पडायचे. डॉक्टरांनी तपासलं, पोट ठीक होतं. दुखणं खोटं नव्हतं, भीतीतून येत होतं. तिला तसंच सांगितलं.

नेमकी कशाची भीती, असं विचारलं. कमी मार्कांची नव्हतीच! ७५ प्रश्न, दीड तास, आणि उत्तरपत्रिकेवर पेनाने एकदा रंगवलेलं उत्तराचं वर्तुळ खोडता येत नाही, याची. मग कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढल्या आणि अभ्यास बाजूला ठेवून नुसती वर्तुळं रंगवली. आधी घड्याळाशिवाय, नंतर वेळ लावून. अडलेला प्रश्न सोडला की त्याच्यासमोरची ओळही कोरी ठेवायची, हे तिने बोट ठेवत ठेवत पक्कं केलं.

पेपर हातात येण्याआधी चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सावकाश सोडला की धडधड उतरते. रोज झोपताना केलं, म्हणूनच वर्गात आठवलं. पेपरच्या दिवशी घरात मार्कांचा विषय बंद. आजीलाही सांगून ठेवलं.

पोट अजून कधीतरी दुखतं, पण ती पूर्ण पेपर सोडवून येते. मुलाचं जेवण, झोप उडाली असेल तर मात्र समुपदेशकांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.