उशाशी काय ठेवायचं?

मधुमेह आहे आणि घरात एकटे राहता? रात्री तीनला शुगर लो होते, म्हणजे रक्तातली साखर फार खाली जाते, तेव्हा साखरेचा डबा कुठल्या फळीवर आहे हेसुद्धा सुचत नाही. म्हणून ही तयारी दिवसाउजेडी, डोकं ठिकाणावर असताना करून ठेवायची. खास करून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी.

पहिलं ग्लुकोज. काट्यावर १५-१५ ग्रॅम मोजून सहज उघडणाऱ्या डब्यांत भरा आणि अंथरुणातून हात पोचेल तिथे ठेवा. दुकानातलं पाकीट तसंच ठेवू नका. घामेजल्या, थरथरत्या बोटांनी ते फाटत नाही. मी एकदा दातांनी फाडलं आणि अर्धी पावडर चादरीवर सांडली. चॉकलेट यासाठी बिनकामाचं, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर घरातली साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं.

शेजारी शुगर तपासायचं मीटर, तारीख न उलटलेल्या स्ट्रिप, पाण्याची बाटली आणि एक ओला रुमाल. रुमाल कशाला? बोटाला ग्लुकोज चिकटलेलं असलं की मीटर खोटा मोठा आकडा दाखवतो आणि आपण निर्धास्त झोपून जातो. ७० (mg/dL) च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम घ्यायचं, १५ मिनिटांचा गजर लावायचा आणि पुन्हा तपासायचं. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. तपासायचंही त्राण नसेल तर आधी खा. बसून राहा, आडवं झालात की डोळा लागतो. शुगर वर आली की दोन बिस्किटं वगैरे खाऊन मगच झोपा.

संध्याकाळी जास्त व्यायाम झाला, जेवण कमी झालं किंवा दारू घेतली, त्या रात्री झोपताना तपासाच, शिवाय दोन-तीनचा गजर लावा. दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत रक्तात साखर सोडायला मागे पडतं. दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्या दंडावर झोपू नका, दाबामुळे तो उगाच लो दाखवतो.

आता दार. शेजाऱ्यांकडे किल्ली दिली आणि आतून कडी घातली, तर त्या किल्लीचा उपयोग काय? कडी न घालता, फक्त किल्लीनं बाहेरून उघडेल असं कुलूप लावा. एकाशी ठरवून ठेवा: सकाळी सातपर्यंत मेसेज आला नाही तर फोन, फोन उचलला नाही तर थेट घरी. मात्र त्यांना बजावून सांगा, मी बेशुद्ध असेन तर तोंडात काहीही घालायचं नाही, आधी रुग्णवाहिका बोलवायची. डॉक्टरांनी ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं तातडीचं औषध) दिलं असेल तर ते कुठे आहे आणि कसं द्यायचं, तेही आधीच दाखवून ठेवा.

सकाळी कपडे घामानं भिजलेले, डोकं जड, रात्रभर भलती स्वप्नं, असं असेल तर झोपेतच लो होऊन गेली असण्याची शक्यता आहे. वेळ, आकडा, रात्रीचा डोस लिहून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि रिकामा डबा लगेच भरून ठेवा, संध्याकाळी विसरायला होतं.