निरोगी प्रौढांच्या पोटातील अवयव सोनोग्राफीवर मोजताना

नाशिकमध्ये तपासणीला येणाऱ्या व्यक्तीला "उपवास करून या" असे सांगितले, तर एकादशीला ती साबुदाण्याची खिचडी खाऊन येण्याची दाट शक्यता असते. म्हणून चिठ्ठीवर "सहा ते आठ तास उपाशीपोटी, चहाही नको, साधे पाणी चालेल" असे स्पष्ट लिहावे. खाल्ल्यानंतर पित्ताशय आकसते व त्याची भिंत उगाच जाड भासते, शिवाय आतड्यातील वायूमुळे स्वादुपिंड झाकले जाते. पेठ-सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मधुमेहींना मात्र रांगेत बसवू नये, आधी घ्यावे.

प्रौढांसाठी साधारण 2 ते 5 मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचे ध्वनिलहरींचे उपकरण, वापरावा. जेल सढळ हाताने लावावे.

सर्वाधिक चुका मूत्रपिंडाच्या मापात होतात, असा माझा अनुभव आहे. मूत्रपिंड कण्याला समांतर नसते. त्याचे वरचे टोक कण्याकडे आणि पाठीकडे कललेले असते, तर खालचे टोक बाहेर आणि किंचित पुढे असते. त्यामुळे प्रोब शरीराच्या उभ्या रेषेत सरळ धरला, तर छेद, म्हणजे चित्रात दिसणारा अवयवाचा काप, तिरका जातो आणि लांबी कमी भरते. माझ्या एका शिकाऊ सहकाऱ्याने धडधाकट तरुणाचे उजवे मूत्रपिंड 8.6 सें.मी. मोजले होते, प्रोबचे वरचे टोक कण्याकडे जरासे वळवताच तेच मूत्रपिंड 10.2 सें.मी. भरले. योग्य छेदात दोन्ही टोके गोलसर आणि त्यांची कड सलग दिसते. तीन वेळा नव्याने छेद घेऊन मोजावे आणि त्यांतील सर्वांत मोठे माप ग्राह्य धरावे. सरासरी काढू नये, कारण तिरका छेद लांबी घटवतोच. प्रौढांत 9 ते 12 सें.मी. ही लांबी सर्वसाधारण मानतात. डावे मूत्रपिंड थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे, मात्र दोहोंत दीड-दोन सें.मी.हून अधिक फरक आल्यास आधी आपलेच माप पुन्हा तपासावे.

यकृतासाठी उजव्या कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर प्रोब उभा धरावा, "पोट फुगवून श्वास घ्या आणि धरा" असे सांगावे, आणि श्वासपटलाखालील घुमटापासून खालच्या टोकापर्यंत मोजावे. येथे 15 ते 16 सें.मी.पर्यंतचे माप बहुधा सर्वसाधारण असते. काही जणांत, विशेषतः स्त्रियांत, उजव्या भागाची जिभेसारखी लांबट पट्टी खाली उतरलेली असते. तिला रीडेलचा लोब म्हणतात, आणि केवळ तिच्यामुळे यकृत वाढल्याचा शेरा मारणे चूक आहे.

पाणथरी, म्हणजे प्लीहा, पाहताना डावा हात डोक्यावर घ्यायला सांगून प्रोब फासळ्यांच्या फटीत इतका मागे न्यावा की आपल्या हाताची बोटे गादीला टेकतील. येथे खोल श्वास उलटा त्रास देतो, कारण फुप्फुस खाली येऊन वरचे टोक झाकते. अर्धा श्वास पुरतो. रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात ती जागा दिसत असताना टोकापासून टोकापर्यंत मोजावे. साधारण 12 सें.मी. ही वरची मर्यादा मानतात, पण उंच पुरुषांत 13 सें.मी.ही निरोगी असू शकते.

उरलेली मापे लहान आहेत. पित्ताशयाची भिंत उपाशीपोटी 3 मि.मी.पर्यंत असते. मुख्य पित्तनलिका आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजावी. ती 6 मि.मी.पर्यंत असते, वयानुसार आणि पित्ताशय काढल्यानंतर थोडी रुंदावते. महाधमनी मात्र बाहेरच्या कडांमध्ये, तिच्या अक्षाला काटकोनात मोजावी. ती 3 सें.मी.हून कमी हवी.

एकाच व्यक्तीचे यकृत एका केंद्रात 14.3 आणि दुसऱ्यात 16 सें.मी. आले, की घरचे लोक दोन्ही कागद घेऊन घाबरून येतात. बहुतेकदा श्वास किंवा मापाची रेषा वेगळी असते. म्हणून अहवालात आकड्याबरोबर व्यक्तीची उंची नोंदवावी, माप कोणत्या रेषेवर आणि श्वासाच्या कोणत्या स्थितीत घेतले ते लिहावे, आणि कॅलिपरच्या खुणा, म्हणजे मापाची दोन टोके दाखवणाऱ्या खुणा, दिसणारे चित्र जोडावे.