बॅले पाहण्यापूर्वी कथा वाचून जावे
बॅलेमध्ये सहसा संवाद नसतात. कथा नृत्य, संगीत आणि मूकाभिनयाच्या ठरावीक खुणांतून उलगडते, म्हणून प्रयोगापूर्वी तिचा सारांश अवश्य वाचावा. अनामिकेकडे बोट दाखवणे म्हणजे विवाह आणि दोन बोटे उंचावणे म्हणजे शपथ, एवढे ठाऊक असले तरी संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’मधील राजपुत्र, शापाने हंस झालेल्या ओडेटला दिलेले वचन तिच्यासारखी दिसणाऱ्या मांत्रिकाच्या मुलीमुळे, ओडिलमुळे, कसे मोडतो, हे सहज उमगते. ओडेट आणि ओडिल या दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तिका करते आणि तिच्यातील तो पालट पाहणे हाच, माझ्या मते, या बॅलेचा सर्वांत मोठा आनंद आहे. समूहनृत्याच्या रचना वरच्या सज्जातून अधिक स्पष्ट दिसतात, त्यामुळे तेथील स्वस्त तिकिटाला कमी लेखू नये. उशिरा येणाऱ्यांना अनेक नाट्यगृहांत मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत.